प्रकरण अकरावं : लाउबाखची मोटार डोंगर चढते

विल्मरच्या हाताचं हाड मोडलं तेव्हा सेविला मागच्या सीटची गादी पट्ट्यानं आवळत होती. आवाज ऐकून तिला आधी वाटलं, इंजिनाचं हँडलच तुटलं. मग विल्मर किंचाळला आणि गाडीच्या पुढ्यात मटकन खाली बसला. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर, जिथे वळायला नको तिथे वळला होता.

"ठिणगीचा दांडा!" तो दातांवर दात दाबत म्हणाला. "मागे घ्यायला विसरलो, सेविला. ज्यानं तो दांडा बसवला, तोच विसरला!"

स्टिअरिंगखालचा तो बोटभर दांडा मागे ओढल्याशिवाय हँडल मारलं, तर इंजिन उलटं उसळतं आणि हँडल घोड्याच्या लाथेसारखं अंगावर येतं. एकर्सव्हिलमधल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. पण आजचा दिवसच असा होता की कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाहेर गायगरच्या डोंगराच्या पायथ्याशी पाच हजार माणूस लोटलं होतं. अख्ख्या पेन्सिल्व्हेनियातून अकरा मोटारी डोंगर चढायला आल्या होत्या. दीड मैलाची चढण, तीन वळणं, आणि वरच्या कठड्याशी घड्याळं घेऊन बसलेले पंच. लाउबाखचा नंबर सातवा होता. चौथी गाडी आत्ताच सुटली होती, तिच्या आवाजानं हॉटेलच्या शेडचे पत्रे अजून थरथरत होते.

दोघांचा थोरला भाऊ अमांडस धावत आत आला. मागून त्याची बायको एल्मिरा.

"झालं!" अमांडस म्हणाला. "घोड्यानं लाथ मारली तर घोड्याला चाबूक तरी दाखवता येतो. याला काय दाखवणार?"

"अमांडस, आत्ता नको," सेविला म्हणाली. "डॉक्टर योस्टना बोलव. मघाशी खारी प्रेट्झेल विकणाऱ्यापाशी उभे होते."

अमांडस तोंडानं कितीही कडू बोलला, तरी डॉक्टरांना हाताला धरून त्यानंच आणलं. फळी म्हणून बांधायला काही मिळेना, तेव्हा स्वतःच्या बग्गीतला चाकाचा जादा आरा काढून मधोमध फाडला. हिकरीचं लाकूड, त्याच्याच हातानं रंधा मारलेलं. धाकट्या भावाच्या हाताला तो दोन्हीकडून लावताना त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"नाव मागे घ्या," तो शेवटी म्हणाला. "देवानंच निकाल दिलाय. सोमवारी ओहायोच्या लोकांना होकार कळवू आणि मोकळे होऊ."

विल्मरनं डोळे मिटले.

गेल्या एप्रिलात एकाहत्तरावा वाढदिवस झाला, त्या दिवशी गिडिअन लाउबाखनं कारखान्याचे तीन सारखे हिस्से करून तिघा मुलांच्या नावावर केले होते आणि "आता तुम्ही भांडा, मी बघतो," म्हणून हात झटकले होते. भांडण तयारच होतं. अर्ध्या कारखान्यात अमांडस बग्ग्या आणि चाकं बनवायचा, जशी बापानं चाळीस वर्षं बनवली तशी. उरलेल्या अर्ध्यात विल्मर दीड वर्षापासून मोटारी बनवत होता. एकोणीस विकल्या गेल्या होत्या. आणि आता ओहायोतली एक मोठी कंपनी अख्खा कारखाना मागत होती. चाळीसच्या चाळीस कामगार ठेवून घेऊ, मालवाहू गाड्यांचे सांगाडे बनवू, फक्त लाउबाखची मोटार बंद करा. अमांडसला ते हवं होतं. विल्मरला त्याहून मेलेलं बरं वाटलं असतं. सेविलाचं मत उरलं होतं, आणि तिनं महिनाभर कोणालाच ताकास तूर लागू दिली नव्हती.

तिला वश करायचे प्रयत्न काही कमी झाले नव्हते. दर गुरुवारी एल्मिरा शू-फ्लाय नावाचा काकवीचा गोड पदार्थ भाजून पाठवायची. सेविला तो खायची, ताट धुऊन परत द्यायची, आणि "फार छान झाला होता," एवढंच म्हणायची. विल्मर तर येता-जाता तिच्या शिलाईची तारीफ करायचा. गाद्या, टप, रंग, बाजूच्या सोनेरी रेघा, हे सगळं खातं तिचं. छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि कानाची इतकी तिखट की आपल्या गाद्या कुठे करकरतात हे ऐकायला ती प्रत्येक नव्या गाडीतून फेरी मारायची. वसंतात गाड्या तपासणारा माणूस दुसरीकडे निघून गेला, तेव्हापासून फेरीला चालवायलाही तीच बसायची. तिला घोड्यांपेक्षा ते सोपं वाटायचं. मोटार कशालाही बुजत नाही.

"वर पॅप वाट बघतायत," विल्मर डोळे न उघडता पुटपुटला. बाप सकाळीच बग्गी घेऊन डोंगरमाथ्यावर जाऊन बसला होता. "आणि फिलाडेल्फियाचा मोटारी विकणारा क्रेसन. दुर्बीण घेऊन आलाय तो. गाडी वर दिसली नाही तर..."

"दिसेल," सेविला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी चालवते."

एल्मिराच्या हातातली टोपली खाली पडली. "बाई माणूस? या डोंगरावर?"

"डोंगराला काय कळतंय, एल्मिरा?"

पंचांच्या टेबलापाशी मोठी गंमत झाली. तिथला पांढऱ्या मिशांचा माणूस नियमांची पुस्तिका तीनदा पुढून मागे आणि मागून पुढे चाळत बसला. चालक कारखान्याचा माणूस हवा, असं त्यात लिहिलं होतं. बायकांना मनाई, असं कुठेच नव्हतं. कोणाला तसं लिहायचं सुचलंच नव्हतं.

"बाई, गाडीत दोन माणसं लागतात," तो अखेरचा खडा टाकावा तसा म्हणाला. "एकानं चालवायचं, दुसऱ्यानं पेट्रोलच्या टाकीला हवेचा पंप मारायचा. दुसरा कोण?"

सेविला वळली. कारखान्याची पोरं तिन्ही वळणांवर झेंडे घेऊन उभी होती, त्यांना खाली आणायला वेळ नव्हता. डॉक्टर योस्ट सव्वादोनशे पौंडांचे.

"हा," ती म्हणाली आणि अमांडसच्या दंडाला धरलं.

"मी?" अमांडसचा आवाज चिरकला. "मला ही गाडीच नको आहे!"

"म्हणूनच तू. मी एकटी गेले आणि गाडी अडली, तर विल्मर म्हणेल मी नीट चालवली नाही. चढली, तर तू म्हणशील नशीब. तू शेजारी बस आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मत देऊ."

"अमांडस, जाऊ नकोस!" एल्मिरानं गळाच काढला. "अगं सेविला, याला पोहतासुद्धा येत नाही!"

"डोंगरावर कुठे पोहायचंय, एल्मिरा?" डॉक्टर म्हणाले, आणि आजूबाजूचे पंचवीसजण खो-खो हसले. त्या हसण्यानंच काम केलं. पाच हजार माणसांसमोर अमांडस लाउबाखला मागे हटणं शक्य नव्हतं. त्यानं हॅट एल्मिराच्या हातात दिली, कोटाची सगळी बटणं लावली आणि फाशी जाणाऱ्या माणसासारखा गाडीत चढला.

हँडल डॉक्टरांनी मारलं. ठिणगीचा दांडा सेविलानं दोनदा तपासला होता.

झेंडा पडला.

क्लच सोडताच गाडी अशी उसळली की अमांडसची मान मागे आपटली. खडी दोन्ही बाजूंना गारांसारखी उडाली. पहिले दोनशे यार्ड माणसांच्या दोन भिंतींमधून सरळ वर. तोंडं नुसती फिकट पट्ट्यासारखी सरकत होती. "मोटार मेली, घोडा आणा!" असं कोणीतरी ओरडलं, पण गाडी मेली नव्हती. गाडी गात होती. सेविलाला तो सूर पाठ होता. इंजिनाची चारही नळकांडी एकापाठोपाठ एक, स्वच्छ.

"पंप!" ती ओरडली.

"काय?"

"पंप मार! टाकीत हवा!"

अमांडसनं पितळी मूठ पकडली आणि खाली-वर करायला लागला, डोळे गच्च मिटून. पहिलं वळण भट्टीचं. जुन्या चुनाभट्टीला वळसा घालून रस्ता डावीकडे दुमडतो. सेविलानं गिअर खाली घेतला, चाक फिरवलं, मागची चाकं बाजूला घसरली आणि पुन्हा रुळली. चुन्याची पांढरी धूळ दोघांच्या तोंडात गेली.

अमांडसनं डोळे उघडले. आपण जिवंत आहोत हे त्याला बहुतेक तेव्हा कळलं.

"गेलो की गं पार!" तो ओरडला.

"बाहेर झुक! पुढचं उजवीकडे आहे, उजवीकडे झुक!"

दुसरं वळण लोकांच्या तोंडी 'सैतानाचं कोपर' होतं. सकाळपासून दोन गाड्या तिथेच अडल्या होत्या, तिसरीनं कुंपण तोडून मक्याच्या शेतात मुक्काम ठोकला होता. सेविलाला समोर फक्त लाल-पिवळी झाडं दिसली, रस्ता कुठे दिसेना. तिनं वाट पाहिली, आणखी थोडी पाहिली, आणि कोपर दिसताक्षणी चाक उजवीकडे ओढलं. चर्चच्या दुसऱ्या बाकावर बसणारा, रविवारी कॉलरला सुरकुती पडू न देणारा अमांडस लाउबाख कमरेपर्यंत गाडीबाहेर लोंबकळला. एका हातानं त्यानं दाराची कड धरली होती आणि दुसऱ्या हातानं, कोणी न सांगता, पंप चालूच ठेवला होता. आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं, आणि त्याच्या वजनानं पुन्हा टेकलं.

"मार!" तो ओरडत होता. "अजून मार, सेविला! सोडू नकोस! मार!"

आठवतं तेव्हापासून तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. तिला हसू फुटलं आणि दातांना धूळ लागली.

तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी तो आवाज आला.

डाव्या पायाखाली, खोल. टक. मग काही नाही. मग टक, टक. गाण्यात कोणीतरी लाकडी टाच आपटावी तसा. सेविलाला तत्काळ कळलं की हे गादीचं नाही, दाराचं नाही, साखळीचं नाही. हे आतलं आहे, इंजिनाच्या पोटातलं. पाय उचलावा, असं तिचं सगळं अंग सांगत होतं.

वर कठडा दिसत होता. झेंडा दिसत होता. अमांडस तिच्या कानात ओरडत होता.

तिनं पाय उचलला नाही.

दोन मिनिटं त्रेपन्न सेकंद. लाउबाखच्या किमतीच्या गटातली ही शेवटची गाडी, आणि पहिला नंबर तिचाच, तोही नऊ सेकंदांनी. गाडी कठड्यापलीकडे गवतात थांबली न थांबली तोच माणसं चारही बाजूंनी धावत आली. कोणी सेविलाचा हात हलवत होतं, कोणी बॉनेट थोपटत होतं आणि पोळलं म्हणून हात झटकत होतं. अमांडस गाडीतून उतरला तो थेट बापाच्या गळ्यातच पडला.

"पॅप! पॅप, तुम्ही पाहिलंत? कोपरावर? मी बाहेर होतो, अख्खा बाहेर! चाक उचललं गेलं होतं, मी खाली दाबलं!"

वारं प्यायलेल्या वासरासारखा तो गाडीभोवती फेऱ्या मारत होता. गिडिअन लाउबाख काठी टेकून उभा होता. आपल्या पंचेचाळीस वर्षांच्या मुलाकडे तो असा बघत होता की जणू हा कोण पाहुणा आला.

"हॅट कुठे आहे तुझी?" त्यानं विचारलं.

अर्ध्या तासात विल्मर, एल्मिरा आणि डॉक्टर योस्ट डोंगरामागच्या वाटेनं कोणाच्या तरी बग्गीतून वर पोहोचले. विल्मरचा हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढराफटक, आणि डोळे दिवाळीसारखे लखलखलेले. त्याच वेळी फिलाडेल्फियाचा क्रेसन दुर्बीण बंद करत आला. उंच, शांत माणूस. त्याच्या दुकानाच्या काचेपुढे माणसं उगीच थांबतात असं म्हणायचे.

"साठ," तो म्हणाला. "मार्चअखेर साठ गाड्या. निम्मे पैसे आगाऊ. कोपरावर जे पाहिलं त्यानंतर मला आणखी काही विचारायचं नाही."

"साठ!" अमांडसच आधी ओरडला. "विल्मर, साठ! चाकं माझी! दोनशे चाळीस चाकं, मी ख्रिसमसपर्यंत देतो! ओहायोवाले गेले खड्ड्यात!"

विल्मरनं डाव्या हातानं त्याला मिठी मारली. ते दोघं एकमेकांना मिठी मारतायत हे दृश्य एकर्सव्हिलमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. एल्मिरा हॅट हातात घेऊन उभी होती आणि ती कोणाच्या डोक्यावर ठेवावी हे तिला कळत नव्हतं.

सेविला कुठे आहे, हे सगळ्यात आधी बापाच्या लक्षात आलं.

ती गाडीखाली होती. स्कर्ट आवळून घेऊन गवतावर उताणी. इंजिनाच्या पोटाचं छोटं झाकण तिनं काढलं होतं. गरम तेल कोपरापर्यंत ओघळत होतं. आत हात घालून तिनं बोटं फिरवली. तेलात वाळूसारखं काहीतरी चुरचुरत होतं. मग मधल्या जागी, जिथे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा आरशासारखा गुळगुळीत हवा, तिथे तिचं नख अडकलं. केसाएवढी भेग. तिनं ती पुन्हा पुन्हा चाचपली. कदाचित चुकतही असेन, म्हणून पुन्हा.

ती बाहेर आली तेव्हा क्रेसन खिशातून पेन काढत होता.

"थांबा," ती म्हणाली. "क्रँक भेगाळलाय. इंजिनाचा मुख्य दांडा."

कोणाला काही बोध होईना. विल्मर हसलाच. "डोंगर चढल्यावर थोडा आवाज येणारच, सेविला. बेरिंग गरम झालं असेल."

"बेरिंगचा चुरा झालाय, आणि क्रँकला मधोमध भेग आहे. शेवटच्या वळणाआधी ऐकलं मी. ऐकूनही पाय उचलला नाही, ती चूक माझी. पण भेग माझ्या आधीची आहे. बाकीच्या गाड्यांतही असणार. दांडा एकाच घडणीचा आहे सगळ्यांचा."

"ही गाडी आज शर्यतीत पळालीय!" अमांडस म्हणाला. "रस्त्यावर कोण अशी पळवतं? खाल्ल्या घरचे वासे मोजू नकोस गं."

"बरोबर बोलतोय तो," विल्मर म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच दोघं भाऊ एका बाजूला उभे होते, आणि ते तिच्याविरुद्ध. "नंतर बघू. दुरुस्त करू. आत्ता या माणसासमोर..."

"या माणसासमोरच सांगायला हवं."

"तू माझ्या तोंडात मारतेयस, सेविला."

"तुझा हात मोडलेला नसता तर मारलीच असती."

गिडिअन काठीनं गवत सारत पुढे आला. "मला साधं सांग. चाक मोडलं तर गाडी बसते. हे मोडलं तर?"

"तुटलेला तुकडा इंजिनाची पेटी फोडून बाहेर येईल, पॅप. नाहीतर मागची चाकं जागच्या जागी जाम होतील. सपाट रस्त्यावर असेल तर दैव. उतारावर असेल तर..." ती अमांडसकडे वळली. "त्या एकोणीसमधली बारावी गाडी कोणाला दिली आपण?"

अमांडस गाडीच्या चाकाकडे बघायला लागला.

"सांग ना. चाकं तूच बसवलीस."

"पाद्री शॅफनर," अमांडस हळूच म्हणाला.

"आणि त्यांची सहा पोरं. मागच्या सीटवर चौघं मावत नव्हती म्हणून गादी मी रुंद शिवली. दर रविवारी ते घाट उतरून दुसऱ्या चर्चला जातात."

वाऱ्यानं झेंडे फडफडत होते. खाली अकरावी गाडी सुटल्याचा आवाज आला. अमांडसनं एकदा क्रेसनच्या पेनाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मग कोट काढून एल्मिराकडे फेकला, गवतावर झोपला आणि गाडीखाली सरकला. बराच वेळ फक्त त्याचे काळे बूट दिसत होते.

बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कॉलरवर तेलाचा ओघळ होता.

"विल्मर," तो म्हणाला, "जा. बघ तू."

विल्मर डाव्या हातावर जोर देत कसाबसा खाली वाकला. त्याला फार वेळ लागला नाही. उठला तो गाडीच्या पायरीवरच बसला.

"तीन बेरिंगं हवी होती," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "मी दोनच दिली. वजन वाचवायला. मधे आधार नाही, म्हणून वाकतोय. माझं गणित... माझंच गणित आहे हे."

क्रेसननं पेनाला टोपण लावलं. त्याला राग आला नव्हता, हेच जास्त लागलं.

"नवा दांडा कधी होईल?"

"आधी त्या एकोणीस गाड्या परत आणून त्यांचे बदलायचे," सेविला म्हणाली. "मग नव्या. जूनच्या आत नाही."

"मला दुकानाची काच मार्चमध्ये भरायची असते, मिस लाउबाख." त्यानं हॅट काढली आणि तिचा तेलकट हात हातात घेतला. "हे न सांगता तुम्हाला मला साठ गाड्या खपवता आल्या असत्या. जूनमध्ये नवे दांडे तयार झाले की मला लिहा." आणि तो तडक दुसऱ्या नंबरच्या गाडीकडे चालत गेला. ते लोक हरल्याबद्दल अजून कुरकुरत होते. दोन मिनिटांनी त्यांची कुरकुर थांबली.

एल्मिरानं टोपली उघडली. कोंबडी-मक्याचं सूप किटलीत अजून कोमट होतं. कोणालाच भूक नव्हती, तरी सगळ्यांनी खाल्लं.

"आता काय ते ठरवा," गिडिअन म्हणाला. "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? तिघंही इथेच आहात."

"ठेवायची," अमांडस म्हणाला.

एल्मिराचा चमचा थांबला. "अमांडस! काल रात्रीपर्यंत तू..."

"काल रात्रीपर्यंत मी डोंगर चढलो नव्हतो!" तो जवळजवळ ओरडलाच. "तुला काय सांगू एल्मिरा, ते कोपर... जाऊ दे. चाळीस माणसांची काळजी मलाही आहे. जूनपर्यंत चाकखातं मोटारखात्याला पोसेल. बग्ग्या अजून विकल्या जातायत. पोसेल, मी म्हणतो ना. ठेवायची."

"विका," विल्मर म्हणाला.

त्यानं आपलं सूप बाजूला ठेवलं.

"मी सहा पोरांच्या खाली तुटका दांडा ठेवला. माझ्यावर कोणी पुन्हा का विश्वास ठेवावा? अमांडसचं खरं होतं. ओहायोवाल्यांना देऊन टाका, निदान माणसांचे पगार तरी बुडणार नाहीत." त्याचे डोळे भरून आले होते, आणि मोडक्या हातामुळे त्याला ते नीट पुसताही येत नव्हते.

म्हणजे गाडं पुन्हा सेविलापाशीच येऊन थांबलं. महिनाभर तिला वाटत होतं की एका भावाला दुखवल्याशिवाय आपलं मत देता येणार नाही. आणि आता त्या दोघांनी मतंच बदलून घेतली होती! तिला हसूही आलं आणि रडूही. तिनं फडक्यानं बोटं पुसली, एकेक करून. नखाच्या टोकाला ती भेग अजून जाणवत होती, आणि तळव्यांत स्टिअरिंगची थरथर.

"ठेवायची," ती म्हणाली. "तीन बेरिंगं. आधी एकोणीस गाड्या. शॅफनरांकडे मी स्वतः उद्या सकाळी जाते, त्यांना उद्या चर्चला घोडागाडीनंच जावं लागेल. आणि गणित तूच करायचंस, विल्मर. ज्याचं एकदा चुकलंय तो दुसऱ्यांदा तीनदा तपासतो."

विल्मरनं मान खाली घातली. अमांडसनं त्याच्या पाठीत असा धपाटा मारला की तो "हात!" म्हणून कळवळला, आणि मग अचानक सगळेच हसायला लागले. एल्मिरासुद्धा. हसता हसता तिनं सूप सांडलं.

लाउबाख मोटार कंपनी त्यानंतर दोन वर्षं आणि एक महिना चालली. सगळ्या मिळून त्र्याण्णव गाड्या निघाल्या. मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त गाड्यांपुढे ती टिकली नाही. १९११च्या नोव्हेंबरात अमांडसनंच दाराला कुलूप लावलं, आणि त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. पण तीन बेरिंगांचा एकही दांडा कधी तुटला नाही, हे एकर्सव्हिलची म्हातारी माणसं पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगत. हे सगळं मात्र नंतरचं. त्या शनिवारी दुपारी अडीच वाजता त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच होता की पहिला नंबर आलेली गाडी डोंगराखाली न्यायची कशी.

"माझे घोडे जुंपा," गिडिअन म्हणाला.

"घोडे? उतारावर?" अमांडस म्हणाला. "गाडीच घोड्यांच्या अंगावर जाईल, पॅप."

"मग?"

सेविलानं पायाचा ब्रेक दाबून पाहिला, हाताचा ओढून पाहिला. दोन्ही मागच्या चाकांवरचे. इंजिनाशी त्यांचा काही संबंध नव्हता. "गिअर काढून ठेवला की ही आपोआप उतरेल. इंजिनाची गरजच नाही. घोडे मागून येऊ देत."

डॉक्टर योस्टनी बग्गी खाली न्यायचं कबूल केलं. अमांडसनं विल्मरला मागच्या सीटवर हात सांभाळून बसवलं, त्याच्याशेजारी एल्मिरा, आणि तिच्या मांडीवर टोपली. स्वतः तो पुढच्या पायरीवर उभा राहणार होता. बसायला सांगितलं तरी ऐकेना. सेविलाशेजारची जागा मोकळी होती.

गिडिअन लाउबाख काठी टेकत आला. त्यानं गादीवर हात दाबून पाहिला, सोनेरी रेघ बोटानं तपासली, चाकाचा आरा हलवून पाहिला. मग काठी आत टाकली आणि चढून बसला.

"सावकाश ने," तो म्हणाला.

रस्ता आता मोकळा झाला होता. सेविलानं हाताचा ब्रेक सैल केला, आणि गाडी चालायला लागली. धूर नाही, धडधड नाही. खडीवर चाकांचा बारीक आवाज, आणि वारा. वाटेवरची माणसं आधी गप्प झाली; बिनआवाजाची मोटार त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग कोणीतरी टोपी उडवली. कोपरापाशी सेविलानं ब्रेक दाबला आणि गाडी मऊ वळली. मागे एल्मिरा "देवा रे देवा," करत होती, पण तिच्या आवाजात रडू नव्हतं. अमांडस पायरीवर उभा राहून प्रत्येक झाडाला हात करत होता.

भट्टीच्या पुढे रस्ता सरळ झाला. खाली गाव दिसायला लागलं, चर्चचा मनोरा, कारखान्याची दोन धुराडी. सेविलाचा पाय ब्रेकवरच होता. तिनं हळूच बापाकडे पाहिलं. त्याची दाढी वाऱ्यानं एका बाजूला गेली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याला ते पुसायचं भानही नव्हतं.

"पॅप, भीती वाटतेय का? थांबवू?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पुढची फळी धरली.

"सेविला," तो म्हणाला, "ब्रेक सोड."